मनापासूनची प्रार्थना कोणती?

ख्रिस्ती समाजांतल्या सुशिक्षित तरुणांत, आणि तरुणांचें पाहून त्यांच्या वडीलधाऱ्यांतही, एक मत हल्लीं इतकें रुजलें आहे कीं त्याला कोणी पुरावा म्हणून मागत नाहीं. तें मत असें: पुस्तकांतून वाचलेली प्रार्थना ही पोपटपंची, आणि डोळे मिटून त्या क्षणीं सुचेल त्या शब्दांत केलेली तेवढी मनापासूनची. जेथें पाळक छापील प्रार्थना वाचतो आणि मंडळी ठराविक जागीं 'आमेन' म्हणते ती उपासना मृत; जेथें कोणींही उठावें आणि अर्धी घटका देवाशीं बोलत राहावें ती जिवंत. आमचे हिंदु मित्र, ज्यांना या वादाशीं कांहीं कर्तव्य नाहीं, तेही कधीं कधीं विचारतात, "तुमच्या प्रार्थना लिहिलेल्या असतात म्हणे, मग त्या तुमच्या कशा?" या मताशीं आमचा पूर्ण विरोध आहे. तो जुन्याच्या अभिमानापोटीं नाहीं हें पुढें दिसून येईलच, कारण जुन्याचे जे अभिमानी आहेत त्यांच्याशींही आमचें भांडण आहे.

मुळांत हा वाद आपला नव्हेच. तो आपल्याकडे गलबतांतून आला. इंग्लंडांत १५४९ सालीं प्रार्थनांचें पहिलें इंग्रजी पुस्तक निघालें आणि तें सर्व ख्रिस्तमंदिरांत वापरावें असा कायदा झाला. पुढें १६४५ सालीं पार्लमेंटानें तेंच पुस्तक बंद केलें, आणि राजसत्ता परत आल्यावर १६६२ सालीं तें सुधारून पुन्हां सक्तीचें करण्यांत आलें. त्या उलथापालथींत सुमारें २००० धर्मोपदेशकांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. जॉन बनियन, ज्याच्या ग्रंथाचें हरि केशवजींनीं १८४१ सालीं 'यात्रिकक्रमण' या नांवानें मराठी रूपांतर केलें तोच, १६६० पासून बारा वर्षें बेडफर्डच्या तुरुंगांत होता, आणि तेथूनच त्यानें छापील प्रार्थनांविरुद्ध एक लहानसें पुस्तक लिहिलें. उलट पक्षीं जेरेमी टेलरनें १६४९ सालीं, म्हणजे प्रार्थनापुस्तकावर बंदी असतांना, ठराविक प्रार्थनांचें समर्थन केलें. दोघेही आपापल्या वेळच्या सरकाराविरुद्ध लिहीत होते, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. मुंबईस १८१३ सालीं आलेले अमेरिकन मिशनरी पुस्तक न मानणाऱ्या परंपरेंतले. त्यांच्यामागून आलेले इंग्लिश चर्चचे मिशनरी पुस्तकवाले. १९७० सालीं नागपुरास 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची स्थापना झाली तेव्हां हे दोन्ही प्रवाह एका छपराखालीं आले, पण येतांना जुनें भांडण कोणीं दाराबाहेर ठेवलें नाहीं.

बनियनच्या रागाविषयीं आम्हांस आदर आहे. शिपायानें दंडुका उगारून म्हणावयास लाविलेली प्रार्थना नाकारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. परंतु आज आपल्यावर सक्ती कोणाची? बनियनचा तुरुंग गेला, दंड गेला. मागें उरला तो नुसता कंटाळा, आणि त्या कंटाळ्यालाच आपण सदसद्विवेकबुद्धि असें भारदस्त नांव दिलें आहे.

शास्त्राचा आधार पाहूं गेल्यास तो या मताला मुळींच मिळत नाहीं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत येशू दोन प्रकारच्या प्रार्थनांचा निषेध करितो: एक, लोकांना दिसावी म्हणून चवाठ्यावर उभें राहून केलेली, आणि दुसरी, शब्दांचा ढीग रचून देवाला ऐकावयास लावूं पाहणारी. पहिल्या प्रकारच्या लोकांना लाविलेल्या शब्दाचा अर्थ आपण 'ढोंगी' असा करितों. पण ग्रीक भाषेंत तो शब्द मूळचा रंगभूमीवरच्या नटाचा. (नट अगदीं मनापासून रडूं शकतो, हें महाराष्ट्रांतल्या वाचकांना सांगावयास नको.) आणि हा निषेध संपतांच तो काय करितो? शिष्यांना एक ठराविक प्रार्थना शिकवितो, जी म्हणावयास एक मिनिट पुरतें. पुढें वधस्तंभावर प्राण कासावीस झाला असतां त्याच्या तोंडून निघालेला आक्रोशही त्यानें स्वतः रचलेला नव्हता. मत्तय आणि मार्क जे शब्द देतात ते बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहेत. मरणाच्या घटकेला मनुष्य नवीं वाक्यें जुळवीत बसत नाहीं. आयुष्यभर तोंडांत घोळलेलें जें असेल तेंच बाहेर पडतें. त्या आक्रोशाला पोपटपंची म्हणावयास कोणी धजेल काय?

आतां या उत्स्फूर्त म्हणविल्या जाणाऱ्या प्रार्थना प्रत्यक्षांत कशा असतात तें पाहूं. आम्ही ख्रिस्ती घरांत वाढलों आणि तीस-पस्तीस वर्षें प्रार्थनासभांना जात आलों. एखादे गृहस्थ उठतात. उठतांच त्यांचा आवाज बदलतो. मघांशीं बाहेर भाजीच्या भावावरून घासाघीस करणारी त्यांची चांगली ठसठशीत मराठी कोठें लुप्त होते कोण जाणे, आणि तिच्या जागीं 'परमकृपाळू', 'परमदयाळू' अशीं विशेषणें रांगेनें येऊं लागतात. गेला आठवडा सुखरूप पार पडल्याबद्दल आभार, आज जे येऊं शकले नाहींत त्यांची आठवण, आजारी माणसें, देशाचे पुढारी, आणि शेवटीं 'ही आमची दुबळी विनंती'. हा क्रम इतका ठरलेला असतो कीं मागच्या बांकावरच्या कोणत्याही मुलानें ती प्रार्थना मधूनच उचलून पुरी करावी. ही देखील ठराविक प्रार्थनाच झाली. फरक इतकाच कीं तिच्यावरून कोणाचा संस्काराचा हात फिरलेला नसतो. कांहीं प्रार्थना तर देवाला बातमी पुरविण्यासाठींच असतात: अमुक बंधु परवां जिन्यावरून पडले, त्यांचा उजवा पाय मोडला, ते सरकारी दवाखान्यांत तिसऱ्या मजल्यावर आहेत आणि भेटण्याची वेळ चार ते सहा आहे, हें सर्व देवाला 'तूं जाणतोसच' म्हणून सविस्तर कळविलें जातें.

याहून वाईट प्रकार म्हणजे प्रार्थनेचें हत्यार करणें. एका मंडळीच्या कमिटीच्या बैठकीला आम्ही हजर होतों. आरंभींच्या प्रार्थनेंत एका सभासदांनीं, ज्या कोणाच्या मनांत मंडळीच्या पैशाविषयीं लोभ उपजला असेल त्याला सद्बुद्धि दे, अशी विनवणी केली, आणि मिटलेल्या डोळ्यांपैकीं निम्मे तरी किलकिले होऊन खजिनदारांकडे वळले. खजिनदारांनीं समारोपाच्या प्रार्थनेंत उत्तर दिलें. दोन्ही प्रार्थना पाठ केलेल्या नव्हत्या, दोन्ही कळकळीनें केलेल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीचाही रोख देवाकडे नव्हता.

शब्द ताजे कीं शिळे यावरून खरेपणा ठरत नाहीं, तर तो ठरतो कशावरून? व्यवहारांतला रोखा घ्या. त्यावरचा मजकूर छापील असतो. हजारों लोकांनीं त्याच शब्दांत कर्जें घेतलेलीं असतात. म्हणून सावकार कधीं असें म्हणत नाहीं कीं हे शब्द तुझे नव्हेत, तेव्हां तूं पैसे देणें लागत नाहींस. मजकूर छापील असला तरी सही आपली असते, आणि सही केली म्हणजे तो मजकूर आपल्याला बांधतो. लग्नांतल्या शपथांचेंही तेंच. वधूवरांनीं त्या स्वतः रचल्या नाहींत म्हणून त्या खोट्या, असें आजवर कोणीं म्हटलेलें नाहीं. खोट्या त्या तेव्हां ठरतात जेव्हां त्या पाळल्या जात नाहींत. आमचें म्हणणें एवढेंच कीं प्रार्थना हा असाच एक दस्तऐवज आहे. जें मागितलें त्याची किंमत स्वतःकडून वसूल झाली तर चालेल अशी ज्याची तयारी असेल, त्याची प्रार्थना मनापासूनची. मग ते शब्द त्याचे असोत, बिशपाचे असोत, कीं अडीच हजार वर्षांपूर्वींच्या कोणा यहुदी कवीचे असोत.

ही आमची कल्पना नव्हे. येशूनें शिकविलेल्या त्या एक मिनिटाच्या प्रार्थनेंत क्षमेच्या मागणीला एक अट चिकटविलेली आहे: आम्ही आमच्या ऋणकोंना जसें सोडलें तसें तूं आम्हांस सोड. मत्तय येथें ऋणाचीच भाषा वापरतो. सबंध प्रार्थनेंत माणसाच्या स्वतःच्या कृतीला हात घालणारें कलम हें एवढेंच. आणि प्रार्थना संपतांच येशू पुन्हां त्याच कलमाकडे वळतो, बाकीच्यांचें स्पष्टीकरण देत नाहीं. ज्याच्या मनांत भावाविषयींचा दावा शाबूत आहे तो हें कलम म्हणतो तेव्हां तो देवाजवळ काय मागतो? मी सोडीत नाहीं तसा तूंही मला सोडूं नकोस, हेंच कीं नाहीं? मिशनऱ्यांनीं मागें ठेवलेल्या जमिनी आणि बंगले यांच्यावरून आमच्या समाजांत कोर्टांच्या पायऱ्या झिजविणारे वादी-प्रतिवादी रविवारीं एकाच मंदिरांत, दोन बाजूंच्या बांकांवर बसून, हें कलम एका सुरांत म्हणतात. तें पुस्तकांतून म्हणतात कीं तोंडपाठ, याची चौकशी करणारे लोक आम्हांस मोठे विनोदी वाटतात.

या गोष्टीचें सर्वांत भेदक चित्र धर्मग्रंथांत नाहीं, नाटकांत आहे. आगरकरांनीं १८८३ सालीं 'विकारविलसित' या नांवानें मराठींत आणलेल्या 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकांत राजा क्लॉडियस प्रार्थनेला गुडघे टेकतो. भावाचा खून करून त्यानें राज्य घेतलें आहे आणि भावजयीशीं लग्न केलें आहे. त्याला पश्चात्ताप होत नाहीं असें नाहीं; त्याचे शब्द उसने नाहींत, आणि गुन्ह्याचें वर्णन तो जितकें उघडें करितो तितकें आमच्या प्रार्थनासभांत कोणीं केल्याचें आम्हीं ऐकलेलें नाहीं. पण राज्य आणि राणी हातांत ठेवून माफी मिळेल काय, या प्रश्नापाशीं तो अडतो, आणि अखेर, आपले शब्द वर गेले तरी आपण जागचे हललों नाहीं हें ओळखून उठतो. सहीची तयारी नव्हती. मागें तलवार घेऊन उभा असलेला हॅम्लेट मात्र त्या टेकलेल्या गुडघ्यांना फसतो. याची प्रार्थना खरी आहे असें समजून तो हात आखडता घेतो. प्रार्थनेचें बाह्य रूप पाहून तिची पारख करणाऱ्या आपल्या विद्वानांनीं हा प्रवेश पुन्हां एकदां वाचावा.

क्लॉडियस निदान स्वतःला फसवीत नव्हता. भावनेनें मनुष्य स्वतःलाही किती फसवूं शकतो याचें खरेंखुरें उदाहरण जॉन न्यूटनचें. १७४८ सालीं समुद्रांत वादळांत सांपडला असतां हा खलाशी देवाकडे वळला. त्यानंतर तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला आणि १७५४ पर्यंत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसें भरून नेत राहिला. दर रविवारीं दोनदां तो आपल्या खलाशांना जमवून प्रार्थनापुस्तकाप्रमाणें उपासना चालवी. शेवटच्या दोन सफरींत देवाचा जो मधुर सहवास लाभला तसा कधींच लाभला नव्हता, असें त्यानें नंतर स्वतः लिहून ठेवलें आहे. वाचकांनीं क्षणभर तें जहाज डोळ्यांपुढें आणावें. फळ्यांच्या वर कप्तान प्रार्थनेंत तल्लीन, आणि त्याच फळ्यांच्या खालीं साखळदंडांत अडकविलेलीं माणसें. तो ढोंगी होता काय? मुळींच नाहीं. त्याच्या डोळ्यांतलें पाणी खरें होतें. 'मनापासून' हा शब्द ज्या अर्थानें आपले तरुण वापरतात त्या अर्थानें त्याच्याइतकी मनापासून प्रार्थना आपल्यांत क्वचितच कोणी करीत असेल. तरी त्याच्या अंतःकरणानें त्याला तळघरांतल्या माणसांविषयीं चकार शब्द सांगितला नाहीं.

आणि आतां गंमत पाहा. ज्या पुस्तकाप्रमाणें तो उपासना चालवीत असे, त्यांत रविवारीं म्हणावयाच्या विनवणीमालेंत कैद्यांवर आणि बंदिवानांवर दया करण्याची मागणी छापलेली आहे. ती त्यानें त्या जहाजावर म्हटली असेल तर, जें त्याच्या हृदयाला दिसत नव्हतें तें त्याच्या हातांतल्या पुस्तकाला दिसत होतें. ठराविक प्रार्थनेच्या बाजूनें आमचा मुख्य पुरावा हाच. आपल्या मनाला सुचेल तेंच मागावयाचें ठरविलें तर आपण आपलीं मुलें, आपलें दुखणें, आपली बढती यांच्यापलीकडे फारसे जात नाहीं; आणि ज्याचें आपण कांहीं देणें लागतों तो तर आपणांस हटकून सुचत नाहीं. शतकांच्या घासणींतून आलेली प्रार्थना त्याला आपल्यापुढें आणून उभा करिते, आपली इच्छा असो वा नसो. न्यूटनला तो दिसावयास फार काळ लागला. समुद्र सोडल्यानंतर ३४ वर्षांनीं, १७८८ सालीं, त्यानें त्या व्यापाराविरुद्ध पुस्तक लिहून आपला त्यांतला वाटा कबूल केला आणि पुढें कॉमन्स सभेच्या समितीपुढें साक्ष दिली. १८०७ सालीं तो वारला. त्याच सालीं इंग्लंडानें गुलामांचा व्यापार कायद्यानें बंद केला. प्रार्थनेवरची सही इतक्या उशिरांही होऊं शकते.

येथें कोणी बुद्धिवादी म्हणतील, आचरण हीच कसोटी असेल तर आचरणच सुधारावें, प्रार्थनेची यातायात कशाला? ठीक, पण क्लॉडियसला त्याचा हिशेब दुसरीकडे कोठें कळला असता? दरबारांत सगळे लवून मुजरा करीत होते. आपल्या घरांत, कचेरींत, सभासंमेलनांत तरी आपणांस खरें कोण सांगतो?

पुस्तकाच्या अभिमान्यांनीं मात्र हें वाचून हुरळून जाऊं नये. सही करावयाची तर मजकूर कळावा लागतो. फादर स्टीफन्स नांवाच्या इंग्रज जेझुइटानें मराठी ओवींत लिहिलेलें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोव्यांत राचोल येथें छापून निघालें. ख्रिस्ताची कथा या लोकांना यांच्या भाषेंत सांगितली पाहिजे हें त्याला तेव्हां उमगलें होतें. तरी वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिकांची मिस्सा पुढेंही साडेतीन शतकें लॅटिनमध्यें चालली, आणि देशी भाषांना वाट मोकळी करून देणारा व्हॅटिकन परिषदेचा ठराव १९६३ सालीं व्हावा लागला. प्रॉटेस्टंटांनींही फार फुशारकी मारूं नये. आमच्या कित्येक प्रार्थना मराठी अक्षरांत लिहिलेल्या इंग्रजी आहेत; त्यांतलीं वाक्यें म्हणतांना श्वास कोठें घ्यावा हें कळत नाहीं, मग अर्थ कोठून कळणार? पंडिता रमाबाईंनीं आयुष्याचीं शेवटचीं वर्षें सबंध बायबल साध्या मराठींत आणण्यांत घालविलीं तीं साध्या बायाबापड्यांना तें कळावें म्हणून. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर भजनें आणि अभंग रचून मराठी उपासनेला मराठी कंठ दिला. टिळकांना जाऊन शंभरांवर वर्षें झालीं. आज छापील प्रार्थनेला नाकें मुरडणारे आमचे तरुण बंधु 'उपासना संगीत' उघडून त्यांचीं पदें डोळे पुसत गातात. तीं पदें छापील आहेत, दुसऱ्यानें रचलेलीं आहेत आणि हजारों वेळां म्हटलेलीं आहेत, ही शंका गातांना कोणाच्या मनाला शिवत नाहीं. चाल लाविली कीं परकेपणा जातो, असा कांहीं नियम आहे काय? हरिपाठ रोज तोच म्हणणाऱ्या वारकऱ्याला तर हा प्रश्नच विचित्र वाटेल.

दैनंदिन व्यवहाराकडे वळलें म्हणजे हाच हिशेब अधिक कडक होतो. आमच्या समाजांत सर्वांत जास्त बोललें जाणारें असत्य कोणतें असें कोणीं विचारल्यास, 'तुमच्यासाठीं प्रार्थना करीत आहे' हें, असें उत्तर आम्ही देऊं. पूर्वीं तें पत्राच्या शेवटीं लिहीत. आतां भ्रमणध्वनीवर जोडलेल्या हातांचें चित्र पाठवितात, आणि तेवढ्यानें प्रार्थना झाली असें समजून पुढचा निरोप उघडतात. ज्याला असा निरोप येतो तो बिचारा खरोखरच समजतो कीं कोठेंतरी कोणीतरी गुडघे टेकले आहेत. आम्ही घरच्यांना असा निर्बंध घातला आहे कीं वाक्य लिहिण्याआधीं त्या माणसाचें नांव घेऊन दोन शब्द तेथल्या तेथें म्हणावे, आणि रविवारीं त्याची भेट घ्यावी. हें होत नसेल तर 'वाईट वाटलें' एवढेंच लिहावें. निरोपांची संख्या फार कमी झाली आहे.

ज्यांच्या मनाला पाझरच फुटत नाहीं अशा दिवसांविषयींही एक शब्द सांगितला पाहिजे. नुकतें माणूस गमावलेल्या घरांत आम्हीं पाहिलें आहे: उत्स्फूर्त प्रार्थनेचा आग्रह धरणारे तेथें गप्प होतात, किंवा नको तें बोलतात. अशा वेळीं एखादी म्हातारी भिंतीला टेकून प्रभूची प्रार्थना पुटपुटूं लागते आणि सगळें घर हळूहळू तिच्या मागून म्हणूं लागतें. त्या बाईच्या मनांत त्या क्षणीं भावना होती कीं नुसतें सुन्नपण होतें, कोणीं सांगावें? तिला शब्द शोधावे लागले नाहींत, हा तिच्यावर केवढा उपकार होता तो त्या घरालाच ठाऊक.

जातां जातां पाळकांकडे एक मागणें. बहुतेक उपासनाक्रमांत पापांगीकाराच्या आधीं 'क्षणभर स्तब्धता' असें छापलेलें असतें. मनुष्यानें आपलें देणें-घेणें आठवावें, कोणाला सोडावयाचें, कोणाकडे जावयाचें हें ठरवावें, म्हणून ती जागा मोकळी ठेवलेली आहे. आम्हीं निरनिराळ्या मंडळ्यांत घड्याळ लावून पाहिलें. ती स्तब्धता पान उलटावयास लागतो तितकाच वेळ टिकते, आणि कांहीं ठिकाणीं पाळक ती सूचनाच मोठ्यानें वाचून पुढें जातात. तेथें एक पुरें मिनिट द्यावें. वेळ पुरत नाहीं असें एका पाळकांनीं आम्हांस सांगितलें. त्याच उपासनेंत सहलीच्या, वर्गणीच्या आणि सत्काराच्या सूचना देण्यांत वीस मिनिटें गेलीं होतीं.